सुट्टीचा दिवस आणि दोर धरणारे हात

पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला सुट्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारची, मुलांच्या शाळेची रविवारची, आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची ज्या दिवशी मिळेल त्या दिवसाची. नवरा-बायको आणि मुले एकाच दिवशी घरात सापडली तर तो योगच म्हणायचा. तोही दिवस दळण, धुणे, लग्न, बारसे यांत निघून जातो आणि उरलेली दुपार टीव्ही नाहीतर मोबाइल खाऊन टाकतो.

पण ही सुट्टी आपल्याला कोणी खैरात म्हणून दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून लढा दिला, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी पदरात पडली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजा मिळावी यासाठी त्यांनी विधेयक मांडले, आणि १९४६ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. कामगार हा यंत्राचा सुटा भाग नाही. त्याला घर आहे, मुले आहेत, मन आहे, हा विचार त्यामागे होता. म्हणून सुट्टी कशी घालवावी हा प्रश्न आपल्या समाजाने क्षुल्लक समजू नये.

या लेखात एका अशा खेळाविषयी लिहावयाचे आहे, जो आपल्या वस्त्यांत अजून पोहोचलेला नाही, पण आपल्या दारापासून फार लांबही नाही. तो खेळ म्हणजे स्पोर्ट क्लाइंबिंग, अर्थात कृत्रिम भिंतीवरचे प्रस्तरारोहण.

खेळ कसा आहे?

उंच भिंतीवर प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी पकडी बसवलेल्या असतात. कोणी बटाट्याएवढी, कोणी परातीएवढी. त्या पकडींना हाताने धरून आणि पायाने रेटून वर जायचे, एवढाच हा खेळ. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याला दोर बांधलेला असतो. नवशिक्यासाठी हा दोर भिंतीच्या माथ्यावरील कडीतून ओवून पुन्हा खाली आणलेला असतो, आणि त्याचे दुसरे टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात असते. चढणारा वर सरकला की जोडीदार ढिला दोर ओढून घेतो. चढणाऱ्याचा हात सुटला तर जोडीदार दोर आवळतो, आणि चढणारा हवेत तरंगत राहतो. या दोर सांभाळण्याला गिर्यारोहक ‘बिले देणे’ म्हणतात.

स्पर्धांमध्ये याचे तीन प्रकार आहेत. ‘लीड’ प्रकारात ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त वर जायचे. ‘बोल्डर’ प्रकारात भिंत सुमारे साडेचार मीटरची, दोर नाही, खाली जाड गाद्या. इथे ताकदीइतकेच डोके चालवावे लागते. आणि ‘स्पीड’ प्रकारात पंधरा मीटरची, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी भिंत दोघांनी शेजारी शेजारी धावत सुटल्यासारखी चढायची. स्पीडच्या भिंतीवरील पकडींची मांडणी जगभर एकसारखीच असते. त्यामुळे जकार्तातील मुलगा आणि पॅरिसमधील मुलगा एकाच परीक्षेला बसतात.

या खेळाची पहिली मोठी दोराची स्पर्धा इटलीतील बार्दोनेक्किया या गावी १९८५ साली नैसर्गिक कड्यावर झाली. पुढे स्पर्धा कृत्रिम भिंतींवर आल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पीड प्रकाराचे वेगळे पदक ठेवले गेले आणि इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दो याने ४.७५ सेकंदांत भिंत चढून सुवर्णपदक जिंकले. इंडोनेशियाला ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन वगळता मिळालेले हे पहिले सुवर्ण. पाच सेकंदांत पाच मजले! आपल्याकडे तेवढ्यात लिफ्टचे दारसुद्धा लागत नाही.

अशी एक भिंत आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने पिंपळे सौदागर येथील योगा पार्कमध्ये उभारली आहे. पिंपरीहून पवनेचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर. म्हणजे या खेळासाठी युरोपात जायला नको. बसचे तिकीट पुरते.

प्रजासत्ताक दिनाची सकाळ

मागे एका २६ जानेवारीला आमच्या विहाराच्या परिसरातील काही कुटुंबे झेंडावंदन आटोपून या भिंतीवर गेली. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाले, मुलांना जिलेबी वाटली, आणि डबे घेऊन सगळे निघाले. अकरा मुले, त्यांत सहा मुली. पाच आया, चार बाप आणि एक आजी. मार्गदर्शनासाठी दोन प्रशिक्षक होते. त्यांच्याशी बोलणी आधीच करून ठेवली होती.

जानेवारीचे ऊन म्हणजे पांघरावे असे ऊन. सकाळी नऊला भिंत गार होती, पकडी हाताला बऱ्या लागत होत्या. आधी अर्धा तास नुसती अंग मोकळे करण्याची कवायत. मनगटे, खांदे, बोटे, घोटे. मग हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळे काढायला लावली, केस बांधायला लावले. तळहाताला घाम येतो म्हणून खडूच्या पुडीसारखी पांढरी भुकटी लावायची असते. लहान मुलांनी ती हातापेक्षा गालालाच जास्त फासली. आजी म्हणाल्या, “ही काय पावडर लावून कुठं निघाली वरात?” आणि सगळे हसले.

त्यानंतर जे झाले, ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. प्रशिक्षकांनी मुलांना दोराची गाठ शिकवली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी ही गाठ, तिच्यातून दोर परत तसाच उलटा ओवून घ्यायचा. मग एक नियम सांगितला. चढणाऱ्याने स्वतःची गाठ तपासायची, आणि नंतर खालच्या जोडीदाराने तीच गाठ पुन्हा तपासायची. जोडीदाराचे दोर धरण्याचे उपकरण आणि त्याची कडी चढणाऱ्याने तपासायची. दोघांनी एकमेकांना मोठ्याने “तयार?” विचारायचे, “तयार!” म्हणायचे आणि मगच पहिला पाय उचलायचा. दहा वेळा चढलात तर दहा वेळा तपासणी. कितीही घाई असो, कितीही ओळखीचा माणूस असो.

आठवीतली एक मुलगी पुढे आली. तिचे वडील भोसरीकडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्याला आठ वर्षे झाली. तेव्हापासून कार्यक्रमात, लग्नात, फोटोत हा माणूस उजवा हात खिशात घालून उभा राहतो. मुलगी हट्टालाच पेटली, “माझा दोर पप्पाच धरणार.”

ते म्हणाले, “अगं, हा हात बघतेस ना? दुसऱ्या कोणाला तरी दे.”

प्रशिक्षकाने त्यांचा हात नीट पाहिला. मग दोर आवळायचे मुख्य काम डाव्या हाताकडे, उजव्याने नुसता वरचा दोर सरकवायचा, अशी मांडणी करून दिली. स्वतः त्यांच्या मागे दोराचे शेपूट धरून उभा राहिला, म्हणजे काही चुकले तरी दुसरा हात तयार. गाठ तपासली, कडी तपासली. “तयार?” “तयार.”

मुलगी सरसर अर्ध्याच्या वर गेली आणि तिथे थांबली. पुढची पकड लांब होती. पाय थरथरायला लागले. वरून आवाज आला, “पप्पा, धरलंय ना?”

“धरलंय. तू खाली नको बघू, वर बघ.”

तिने हात टाकला, पकड निसटली आणि ती सुटली. खाली उभ्या आयांच्या तोंडून एकच किंकाळी निघाली. पण ती हातभरच खाली आली. दोर ताणला गेला, वडील टाचांवर उचलले गेले, आणि त्यांच्या डाव्या हाताने दोर घट्ट धरून ठेवला. मुलगी दोराला बसून झोपाळ्यावर बसल्यासारखी झुलत होती. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग वरून तीच म्हणाली, “परत करू?” त्या दिवशी ती माथ्यावर पोहोचली नाही, पण तिसऱ्या प्रयत्नात ती लांबची पकड तिच्या हाती आली. माथा पुढच्या सुट्टीसाठी राहिला.

जेवायला बसल्यावर मुलांनी त्या गृहस्थांना विचारले, “काका, बोटं कशी गेली?” मुलेच ती, मोठ्या माणसांनी आठ वर्षे जे विचारले नव्हते ते त्यांनी सरळ विचारले. आणि त्यांनीही सरळ सांगितले. “प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायला पाहिजे, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्यात वेळ जातो, माल कमी निघतो. म्हणून एक बटण तार लावून कायमचं दाबून ठेवलं होतं.”

थोडे थांबून ते म्हणाले, “इथं पोरांच्या खेळासाठी दोन-दोनदा तपासतात. तिथं आमच्या हातासाठी एकदा पण कोणी तपासलं नाही.”

या वाक्यानंतर या खेळाविषयी आणखी काही पटवून देण्याची गरज राहत नाही.

जिवाची किंमत

आपल्या औद्योगिक पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, लहान-मोठ्या कारखान्यांत कामाला लागणारी मुले आपल्याच घरांतली आहेत. आयटीआय झालेली, बारावी झालेली, कंत्राटावर लागलेली. धोकादायक यंत्राला संरक्षक कुंपण असलेच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच सांगितले होते. पण कायदा पुस्तकात असतो आणि सुपरवायझर समोर उभा असतो. “चल रे, काही होत नाही,” असे तो म्हणाला की नवा पोरगा गप्प बसतो. कारण थांबून तपासायला सांगणे हा आपला अधिकार आहे, ही सवयच त्याच्या अंगात कोणी मुरवलेली नसते.

भिंतीवर ही सवय मुरते. बारा वर्षांच्या मुलाला इथे मोठ्या माणसाला म्हणता येते, “थांबा, तुमची कडी लागलेली नाही.” आणि त्या मोठ्या माणसाला थांबावेच लागते. यात उद्धटपणा नाही, वयाचा अपमान नाही. ज्याच्या हातात दोर आहे त्याला विचारण्याचा हक्क, ज्याच्या कमरेला दोर आहे त्यालाही विचारण्याचा हक्क. माझा जीव मोलाचा आहे आणि समोरच्याचाही तेवढाच मोलाचा आहे, हे भाषणातून शंभरदा सांगून जे होत नाही, ते एका सकाळी गाठ बांधता बांधता होऊन जाते. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकवला. स्वतःच्या जिवाची किंमत ओळखणे ही त्याची पहिली पायरी आहे.

दुसरी गोष्ट त्या गृहस्थांच्या हाताची. अमेरिकेत टॉमी कॉल्डवेल नावाचा गिर्यारोहक आहे. २००१ साली घरी करवतीच्या यंत्रावर काम करताना त्याच्या डाव्या हाताची तर्जनी तुटली. ज्या खेळात सगळी भिस्त बोटांवर, त्यात बोटच गेले. पुन्हा वरच्या दर्जाचे चढणे होणार नाही, असेच सर्वांना वाटले. त्याने नऊ बोटांनी पुन्हा सराव केला, आणि जानेवारी २०१५ मध्ये केविन जॉर्गेसन या जोडीदारासह योसेमिटीतील एल कॅपिटान या प्रचंड कड्याची ‘डॉन वॉल’ ही अतिशय कठीण वाट १९ दिवसांत पूर्ण केली. अपंग खेळाडूंचे क्लाइंबिंगही आता जगभर होते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये त्याचा समावेश ठरला आहे. खिशात घातलेले हात बाहेर काढायला एवढी उदाहरणे पुरेशी आहेत.

मैदान कोणाचे?

खेळाच्या मैदानावर आपल्याला जागा सहजासहजी मिळालेली नाही, हे विसरून चालणार नाही. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे आपल्या देशातले एक थोर फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्याच बाळूंना पुण्यात सहकाऱ्यांच्या पंक्तीत चहा मिळत नसे. बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू त्यांच्या हातचा चाले, कप चालत नसे.

क्लाइंबिंगमध्ये हा भेद टिकवणे अवघड आहे, कारण इथे दुसऱ्याच्या हाताशिवाय वर जाताच येत नाही. दोर धरणाऱ्याचे आडनाव विचारून कोणी पडत नाही. पण खेळात भेद नाही म्हणून खेळापर्यंत पोहोचण्यातही भेद नाही, असे मात्र नाही. बूट, हार्नेस, दोर यांचा खर्च असतो, माहिती असावी लागते, नेणारे कोणीतरी असावे लागते. डोंगर चढणे हा सुखवस्तू घरांतील मुलांचा छंद, आपल्या मुलांनी अभ्यास करावा आणि नोकरी धरावी, असे आपणही मनाशी ठरवून टाकलेले असते.

हे ठरवणे किती चुकीचे आहे, ते मालावत पूर्णा आणि आनंद कुमार या दोन मुलांनी दाखवून दिले. पूर्णा निजामाबाद जिल्ह्यातील आदिवासी शेतमजुराची मुलगी, आनंद खम्मम जिल्ह्यातील दलित कुटुंबातला. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकणारे. त्या शाळांची धुरा आर. एस. प्रवीण कुमार या पोलीस अधिकाऱ्याकडे होती. त्यांनी मुलांना भोंगीरच्या कातळावर प्रस्तरारोहणाच्या प्रशिक्षणाला पाठवले. तिथून सुरुवात झाली आणि २५ मे २०१४ रोजी दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. पूर्णाचे वय तेव्हा १३ वर्षे ११ महिने होते. एव्हरेस्टवर पोहोचलेली ती सर्वांत लहान मुलगी ठरली. तिने बाबासाहेबांचे छायाचित्र सोबत नेले होते. आपल्या महाराष्ट्रातही मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. या मुलांना निराळी बोटे नव्हती. त्यांना संधी मिळाली आणि दोर धरणारे हात मिळाले, एवढाच फरक.

मंडळांनी आणि महिला संघांनी काय करावे?

प्रत्येक मुलाने एव्हरेस्ट चढावे असा आग्रह मुळीच नाही. वर्षातून तीन-चार सुट्ट्या जरी अशा मोकळ्या उन्हात, आई-बाप आणि मुलांनी मिळून घालवल्या तरी खूप झाले. त्यासाठी काही सूचना.

भिंतीची वेळ, शुल्क आणि प्रशिक्षक यांची चौकशी महापालिकेच्या क्रीडा विभागात आधी करावी. शक्यतो दहा-पंधरा जणांचा गट करून जावे. नवशिक्यांनी नवे बूट लगेच विकत घेण्याची घाई करू नये. साहित्य तिथे मिळते का ते विचारावे. शुल्क परवडत नसेल तर वस्तीतील मुलांसाठी सवलत मागणारा अर्ज नगरसेवकामार्फत द्यावा. सार्वजनिक पैशातून झालेली सोय वापरणे हा आपला हक्कच आहे.

प्रशिक्षित माणसाशिवाय भिंतीला हात लावू नये. भिंतीवर चार वेळा चढलो म्हणून खंडाळ्याच्या नागफणीच्या कड्यावर स्वतःच दोर टाकायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. नैसर्गिक कातळावर सुटा दगड असतो, मधमाश्यांची पोळी असतात. तिथे अनुभवी संस्थेसोबतच जावे. सकाळी लवकर सुरू करून उन्हाचा चटका वाढण्याआधी थांबावे, पाणी भरपूर न्यावे, पोटभर जेवून लगेच चढू नये.

मुलींना आवर्जून न्यावे. या खेळात नुसत्या दंडाच्या ताकदीवर काम भागत नाही. पायांचा तोल आणि लवचिकपणा लागतो, आणि त्यात मुली मागे नसतात. त्या दिवशी आयाही चढल्या. घरकाम करणाऱ्या एका ताईंनी पंजाबी ड्रेसची ओढणी बाजूला ठेवली आणि पहिल्याच खेपेला माथ्याची कडी हाताने वाजवून आल्या. खाली उतरून म्हणाल्या, “रोज चार मजले जिन्यानं चढते, आज भिंतीनं चढले.”

दुपारी वेळ उरला तर परतताना देहूरोडला जावे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि पुढचे स्टेशन देहूरोड. लोकलने जेमतेम वीस मिनिटे. २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांच्या हस्ते तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याही आधी. तिथून जवळच घोरावडीच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. धेनुकाकट गावच्या एका नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या पत्नीने आपल्या मुलासह लेणे दान दिल्याचा शिलालेख तिथे कोरलेला आहे. कष्टकरी बाईचे दान या कातळाने जवळजवळ दोन हजार वर्षे जपून ठेवले आहे. मुलांना तो शिलालेख दाखवावा आणि हा डोंगरही आपलाच आहे हे सांगावे.

येत्या सुट्टीचा बेत आत्ताच करावा. विहाराच्या फळ्यावर तारीख लिहावी, नावे घ्यावीत आणि कोण कोणाचा दोर धरणार हे मुलांनाच ठरवू द्यावे. मात्र चढण्याआधी गाठ दोघांनीही तपासायची, हे विसरू नये. आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर आपल्या यंत्राची दोन्ही बटणे चालू आहेत ना, हेही तसेच तपासायचे.

जय भीम.